पोथी, वस्तु व दप्तर : यवतमाळ जिल्ह्यांतील इतिहाससाधनांच्या एकत्र जोपासनेचा विचार

(१) विषयाचें स्वरूप

इतिहासाचीं साधनें आज सामान्यतः तीन ठिकाणीं सांभाळलीं जातात. दप्तर अभिलेखागारांत जातें, पोथी ग्रंथालयांत जाते. नाणें, शस्त्र, मूर्ति, ताम्रपट हीं वस्तुसंग्रहालयांत जातात. ही वाटणी सोयीची आहे, परंतु ती इतिहासानें केलेली नव्हे. ज्या घरांत हीं साधनें निर्माण झालीं व पिढ्यान् पिढ्या राहिलीं, त्या घरांत तीं एकाच कोठींत, पुष्कळदां एकाच पेटींत होतीं. तीं एकमेकांजवळ कां होतीं, हें समजलें तरच त्यांचा अर्थ पुरा लागतो. वाटणी करतांना हा जवळिकीचा पुरावा नाहींसा होतो, आणि एकदां गेलेला तो पुरावा कितीही परिश्रम केले तरी परत मिळत नाहीं.

याकरितां अभिलेखागारें, ग्रंथालयें व वस्तुसंग्रहालयें यांनीं एका समाईक सार्वजनिक मंडळाच्या आश्रयाखालीं परस्परांशीं जोडून काम करावें, असा विचार देशोदेशीं पुढें आलेला आहे. कांहीं ठिकाणीं तो अमलांतही आला आणि कांहीं ठिकाणीं मोडलाही. प्रस्तुत लेखांत या विचाराचें मर्म काय, आणि यवतमाळसारख्या जिल्ह्यांत त्याची गरज विशेष कां, हें सांगावयाचें आहे. लेख संग्राहकांस उद्देशून लिहिला आहे. कारण या कामाची किल्ली सरकारापेक्षां त्यांच्याच हातीं अधिक आहे.

(२) एका पेटीचें उदाहरण

समजा, वर्धा व पैनगंगा या दोन नद्यांच्या मधल्या मुलखांतील एका जुन्या वतनदार घराण्याची पेटी उघडली. (उदाहरण कल्पित आहे, परंतु ज्यांनीं अशा पेट्या उघडल्या असतील त्यांस तें ओळखीचें वाटेल.) वरच्या थरांत मोडी कागदांचे चार रुमाल आहेत. त्यांखालीं एक फारसी सनद, शिक्क्यासह. एका बासनांत दोन पोथ्या. पैकीं एक बाळबोध व दुसरी महानुभावांच्या सांकेतिक लिपींत. कोपऱ्यांत एक कापडी पिशवी, तींत चाळीस-पन्नास नाणीं. आणि पिशवींतच एक मोडी चिटोरें. तळाशीं एक तांब्याचें माप.

आतां वारस पुण्यास किंवा मुंबईस राहावयास गेले आहेत आणि वाडा पडावयास आला आहे. सद्भावनेनें ते पेटींतील जिन्नस योग्य ठिकाणीं पोंचवितात. रुमाल एका संस्थेस, पोथ्या दुसरीस, नाणीं संग्राहकास. माप मोडींत जातें. चिटोऱ्यावर काय लिहिलें आहे तें कोणासच वाचतां न आल्यामुळें तें केरांत जातें. तें चिटोरें म्हणजे अमुक सालच्या वसुलापैकीं अमुक चलनाचीं इतकीं नाणीं बट्टा पडल्यामुळें परत आलीं, अशी याद असूं शकेल. तशी ती असेल, तर त्या पिशवींतील नाणीं म्हणजे नुसतीं नाणीं नव्हत. तो त्या काळच्या चलनव्यवहाराचा एक सप्रमाण दाखला होय. रुमालांतील जमाखर्चांत त्याच बट्ट्याची नोंद असावयाची, आणि धान्याचा आकार ज्या मापानें झाला तें माप खालीं पडलेलें. चार जिन्नस मिळून एक वाक्य होतें. वाटणी झाल्यावर चार सुटे शब्द राहिले.

येथें कोणी चोरी केली नाहीं, कोणी हयगयही केली नाहीं. प्रत्येक जिन्नस ज्याच्या त्याच्या ठिकाणीं गेला. तरीही पुरावा नष्ट झाला. हा दोष माणसांचा नसून व्यवस्थेचा आहे.

(३) तीन शास्त्रें व तीन मोजमापें

हा दोष कसा उत्पन्न होतो हें समजण्यासाठीं तिन्ही व्यवसायांची मोजण्याची पद्धति पाहिली पाहिजे.

ग्रंथपाल एकेक ग्रंथ मोजतो. ग्रंथाचें नांव, कर्ता, विषय, पत्रांची संख्या, लेखनाचा शक ही त्याची नोंद. ग्रंथ कोठून आला हें त्याच्या दृष्टीनें गौण. कारण त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या प्रती अन्यत्र असावयाच्या, आणि वाचकास ग्रंथाचा मजकूर पाहिजे असतो.

वस्तुसंग्रहालयाचा अधिकारी एकेक वस्तु मोजतो. धातु, वजन, माप, घडण, काळ व प्राप्तिस्थान ही त्याची नोंद. त्याला गांवाचें नांव पाहिजे असतें; परंतु वस्तूबरोबर कोणते कागद होते हें लिहिण्यास त्याच्या नोंदवहींत पुष्कळदां रकानाच नसतो.

अभिलेखपाल मात्र सुटा कागद मोजीत नाहीं. तो संबंध दप्तर मोजतो. ज्या कचेरीनें किंवा घराण्यानें कागद निर्माण केले, त्यांचे सर्व कागद एकत्र व त्यांच्या मूळच्या क्रमानें ठेवावेत, दुसऱ्यांत मिसळूं नयेत, असा त्याचा नियम आहे. हा नियम फ्रान्समध्यें १८४१ सालच्या एका सरकारी परिपत्रकानें रूढ केला आणि १८९८ सालीं हॉलंडमधील म्युलर, फाइथ व फ्रुइन या तिघां अभिलेखज्ञांनीं आपल्या ग्रंथांत तो शास्त्ररूपानें मांडला. आमच्याकडील रुमालबंदीही वास्तविक याच तत्त्वावर आहे. ज्यानें रुमाल सोडून कागद तारखेवार लावले, त्यानें वाचकाची सोय केली खरी. पण लिहिणाऱ्या कारकुनाचें मन बुजवून टाकलें.

तिन्ही पद्धति आपापल्या जागीं योग्य आहेत. अडचण येते ती एका पेटीवर तिन्ही चालविण्याची वेळ आली म्हणजे. ग्रंथपाल पोथी काढून घेतो, संग्रहालय नाणीं काढून घेतें, आणि अभिलेखपालाकडे ‘संबंध दप्तर’ म्हणून जें येतें तें आधींच संबंध राहिलेलें नसतें. तेव्हां सहकार्याचा पहिला अर्थ इमारत एक करणें हा नव्हे. जिन्नस कोठेंही राहोत, ते एका पेटींतील सोबती होते ही गोष्ट तिन्ही नोंदवह्यांत सारखी लिहिली जाणें, हा सहकार्याचा पहिला अर्थ होय.

(४) जिल्ह्याचें दप्तर चार दिशांस कसें गेलें

यवतमाळ जिल्ह्यास ही गरज इतरांहून अधिक आहे, कारण या मुलखाचे धनी वारंवार पालटले आणि प्रत्येक पालटाबरोबर कागद निराळ्या दिशेस गेले.

आईने अकबरींत वऱ्हाड सुभ्याच्या ज्या सरकारा दिल्या आहेत, त्यांपैकीं कळंब व माहूर या दोहोंत आजच्या जिल्ह्याचा बराच भाग येतो. वणीकडील भागावर चांद्याच्या गोंड राजांचा अंमल होता. पुढें वऱ्हाडांत निजाम व नागपूरकर भोसले यांची दुअमली चालली. एकाच गांवाच्या वसुलांत दोघांचा वांटा, म्हणून एकाच गांवाचे कागद दोन दरबारीं. १८०३ च्या देवगांवच्या तहानें वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख भोसल्यांच्या हातून गेला व निजामाकडे आला. १८५३ सालीं निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यांत दिलें. कारभार हैदराबादच्या रेसिडेंटामार्फत चालूं लागला. १९०३ सालीं वऱ्हाड मध्यप्रांतास जोडलें गेलें व कारभाराचें ठाणें नागपूर झालें. १९५६ सालीं विदर्भ मुंबई राज्यांत आला आणि १९६० सालीं महाराष्ट्र राज्य झालें.

याचा परिणाम असा कीं, या जिल्ह्याचा इतिहास लिहूं इच्छिणारास मोंगली अमदानीच्या दक्षिणेंतील कागदांसाठीं हैदराबादचें अभिलेखागार पाहावें लागतें. रेसिडेन्सीच्या दप्तरासाठीं नवी दिल्लीचें राष्ट्रीय अभिलेखागार. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कारभारासाठीं नागपूरचें अभिलेखागार. आणि पुढील काळासाठीं मुंबई. जमिनीचे जुने कागद जिल्ह्याच्या व तालुक्यांच्या महसुली कचेऱ्यांत राहिले ते निराळेच.

जिल्ह्याच्या सीमाही स्थिर राहिल्या नाहींत. पूर्वीं हा जिल्हा वणी (इंग्रजी कागदांत ‘वून’) या नांवानें ओळखला जात असे. १९०५ सालीं त्यास यवतमाळ हें नांव मिळालें. त्याच सालीं वाशीम जिल्हा मोडला, त्याचा पुसद तालुका यवतमाळास आला, आणि वाशीम व मंगरूळ अकोल्याकडे गेले. १९९८ सालीं वाशीम पुन्हां स्वतंत्र जिल्हा झाला. तेव्हां पुसदच्या एखाद्या इनामाचा १९०५ पूर्वींचा कागद शोधणारानें यवतमाळांतच शोध करून ‘मिळत नाहीं’ असा निकाल देणें धाडसाचें होईल. जिल्ह्यांत एखादें समाईक मंडळ असतें तर त्याचें पहिलें काम हेंच असतें, कीं कोणत्या सालचा व कोणत्या तालुक्याचा कागद कोठें असावयाचा, याचा एक तक्ता करून तो प्रत्येक ग्रंथालयांत टांगावा. या कामास द्रव्य फारसें लागत नाहीं.

(५) वाशीमचा ताम्रपट

तिन्ही प्रकारचीं साधनें एकत्र आलीं म्हणजे काय साधतें, याचें उत्तम उदाहरण यवतमाळच्याच एका संशोधकाच्या कार्यांत आहे. डॉ. यशवंत खुशाल देशपांडे (१८८४-१९७०) यांनीं आपले सहकारी महाजन यांच्यासह १९३९ सालीं कलकत्त्यास भरलेल्या भारतीय इतिहास परिषदेपुढें वाशीमचा एक ताम्रपट मांडला. त्याचे चार पत्रे वाशीम येथील एका शास्त्र्यांच्या घरीं होते. लेख वत्सगुल्म येथून, म्हणजे वाशीमहूनच, वाकाटक धर्ममहाराज दुसरा विन्ध्यशक्ति यानें आपल्या राज्याच्या ३७ व्या वर्षीं दिलेला. वंशावळीचा भाग संस्कृतांत, दानाचा भाग बव्हंशीं प्राकृतांत. आणि दिलेलें गांव नांदेडच्या उत्तर मार्गांतलें.

या ताम्रपटानें वाकाटकांची एक स्वतंत्र शाखा वत्सगुल्म येथें नांदत होती, तिचा मूळ पुरुष सर्वसेन हा पहिल्या प्रवरसेनाचा पुत्र, आणि विन्ध्यशक्ति हा सर्वसेनाचा पुत्र, हें निश्चित झालें. परंतु गोष्ट येथेंच संपत नाहीं. अजिंठ्याच्या १६ व्या लेण्यांत हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख आहे. तो पूर्वींच छापला गेला होता. पण झिजलेल्या अक्षरांमुळें त्याच्या वाचनांत सर्वसेनाचें नांव निसटलें होतें. ताम्रपट हातीं आल्यावर म. म. वा. वि. मिराशी यांनीं तो लेख नव्यानें वाचला आणि १९४१ सालीं हैदराबाद संस्थानच्या पुराणवस्तुखात्यामार्फत तो प्रसिद्ध झाला. तेव्हां भिंतीवरील अक्षरें व तांब्यावरील अक्षरें एकमेकांस जुळलीं. तिसरा धागा ग्रंथांतला. ‘हरिविजय’ नांवाचें सर्वसेनाचें प्राकृत काव्य आज उपलब्ध नाहीं. परंतु आनंदवर्धनासारख्या साहित्यशास्त्रकारांनीं त्याचा उल्लेख केलेला आहे. हा कवि सर्वसेन म्हणजेच वत्सगुल्माचा राजा, असें आतां अभ्यासक मानतात.

वाचकांनीं येथें नीट लक्ष द्यावें. ताम्रपट एका घरांत, शिलालेख त्या वेळच्या निजामी मुलखांतील लेण्यांत, काव्याचे अवशेष अलंकारग्रंथांच्या पोथ्यांत. यांपैकीं कोणतेंही एक साधन एकटें असतें तर वत्सगुल्म शाखेचा इतिहास उभा राहिला नसता. तीन साधनें एकत्र आलीं तीं कोणत्याही खात्याच्या आज्ञेनें नव्हे. कांहीं विद्वानांचा परस्परांशीं पत्रव्यवहार होता आणि घरधन्यानें विश्वासानें पत्रे दाखविले, म्हणून आलीं. पण विद्वान् कालवश होतात आणि पत्रव्यवहार थांबतो. जें काम व्यक्तींच्या स्नेहावर चाललें तें पुढें चालूं राहावें, याकरितांच संस्थेची व मंडळाची गरज असते.

त्याच १९३९ सालीं मंगरूळ तालुक्यांतील तऱ्हाळें येथें सातवाहन नाण्यांचा मोठा सांठा सांपडला. त्यांत पुराणांच्या राजावळींत न आढळणाऱ्या कांहीं राजांचीं नांवें निघालीं. तीं ओळखतां आलीं याचें कारण सांठा एकत्र असतांना तज्ज्ञांनीं तो पाहिला. तींच नाणीं दहा बाजारांत दहा हातांनीं विकलीं गेलीं असतीं, तर प्रत्येक नाणें ‘झिजलेलें, अस्पष्ट’ म्हणून बाजूस पडलें असतें.

(६) महानुभावीय पोथ्या व शारदाश्रम

यवतमाळास एकत्र जोपासनेची परंपरा नाहीं असें नव्हे. डॉ. देशपांडे यांच्या पुढाकारानें उभ्या राहिलेल्या शारदाश्रम या संस्थेनें पोथ्यांचा संग्रह, इतिहाससंशोधन व वार्षिकाचें प्रकाशन हीं कामें एका छपराखालीं चालविलीं. महानुभाव पंथाचें वाङ्मय मराठीच्या अभ्यासकांस परिचित करून देण्यांत या संस्थेचा व डॉ. देशपांडे यांच्या ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ (१९२५) या ग्रंथाचा मोठा वांटा आहे.

या वाङ्मयाची कथा आमच्या विषयास धरूनच आहे. पंथाच्या पोथ्या ‘सकळ’ इत्यादि सांकेतिक लिप्यांत लिहिलेल्या होत्या. पोथी समोर असूनही वाचतां येत नसे. वि. का. राजवाडे यांनीं त्या लिपीचा उलगडा केल्यावर अभ्यासाची वाट मोकळी झाली. परंतु लिपि उलगडली म्हणून मठाचें दार उघडतें असें नाहीं. पोथी ही पंथीयांस पूज्य वस्तु; ती कोणाच्या हातीं द्यावयाची याचे त्यांचे नियम असतात. महंतांनीं पोथ्या दाखविल्या त्या विश्वासावर. पुढें ह. ना. नेने यांनीं लीळाचरित्र छापून काढलें, आणि १९७८ सालीं डॉ. वि. भि. कोलते यांची आवृत्ति महाराष्ट्र राज्य साहित्य व संस्कृति मंडळानें प्रसिद्ध केली. लंडनच्या रेसाइड या अभ्यासकानें १९६० सालीं महानुभावीय मराठी ग्रंथांची एक सूचि छापली. एका पंथाचे ग्रंथ अनेक गांवीं विखुरलेले असतां, त्यांची एकत्र सूचि झाल्यावरच कोणत्या ग्रंथाच्या किती प्रती कोठें आहेत हें कळतें व पाठशुद्धीस आरंभ होतो. पोथ्या जागच्या जागीं राहिल्या, सूचि मात्र एक झाली. सहकार्याचा हा अगदीं साधा व निर्दोष नमुना होय.

(७) सरकारी वाटणी व परदेशांतील अनुभव

महाराष्ट्रांत पुराभिलेख संचालनालय आणि पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालयें संचालनालय हीं दोनही सांस्कृतिक कार्य विभागाकडे आहेत. ग्रंथालय संचालनालय उच्च व तंत्र शिक्षण विभागाकडे आहे. जमिनीचें जुनें दप्तर महसूल विभागाकडे. केंद्रांत राष्ट्रीय अभिलेखागार, राष्ट्रीय ग्रंथालय व राष्ट्रीय संग्रहालय हीं तिन्ही एकाच संस्कृति मंत्रालयाखालीं आहेत, तरी प्रत्येकाची नोंदपद्धति निराळी. यावरून दिसून येईल कीं वरचा धनी एक असल्यानें सहकार्य आपोआप होत नाहीं.

केंद्र सरकारनें २००३ सालीं राष्ट्रीय हस्तलिखित मोहीम काढली आणि २०२५ च्या अर्थसंकल्पांत ज्ञान भारतम् या नांवानें तिला नवें रूप देऊन एक कोटीहून अधिक हस्तलिखितांची पाहणी करण्याचें ठरविलें. काम स्तुत्य आहे. परंतु २००३ च्या मोहिमेची व्याख्या अशी कीं हस्तलिखित म्हणजे किमान ७५ वर्षांचा हातानें लिहिलेला ज्ञानविषयक ग्रंथ. फर्मानें, महसुली कागद व शिलालेख हे त्यांत येत नाहींत. म्हणजे आमच्या पेटींतील दोन पोथ्यांची नोंद होईल. रुमाल, सनद, नाणीं व माप बाहेरच राहतील. ग्रंथाच्या दृष्टीनें व्याख्या बरोबर आहे, पण पेटीच्या दृष्टीनें अपुरी.

परदेशांतील अनुभव बोधप्रद आहे. इंग्लंडांत २००० सालीं वस्तुसंग्रहालयें, ग्रंथालयें व अभिलेखागारें यांकरितां एक समाईक मंडळ स्थापन झालें. २०१० सालीं सरकारनें खर्च कमी करतांना तें बंद करण्याचें ठरविलें; संग्रहालयें व ग्रंथालयें कलामंडळाकडे आणि अभिलेखागारें राष्ट्रीय अभिलेखागाराकडे गेलीं. नॉर्वेनें २००३ सालीं याच तिन्हींसाठीं एक संस्था काढली. तिचें ग्रंथालयविषयक काम २०१० सालीं राष्ट्रीय ग्रंथालयाकडे व उरलेलें २०११ च्या सुमारास कलामंडळाकडे गेलें. दोनही समृद्ध देश, दोनही प्रयत्न थोड्या वर्षांचे.

यावरून ‘विचारच चुकीचा’ असें अनुमान काढणें बरोबर नव्हे. आम्हांस त्यांतून असा बोध होतो कीं, राजधानींत निर्माण झालेलें मंडळ राजधानींतील एका ठरावानें जातें. खालीं नोंदवही, क्रमांक, दुरुस्तीची पद्धति हीं रुजलेलीं असलीं, तर पाटी बदलली तरी काम राहतें. म्हणून आरंभ जिल्ह्यापासून व्हावा.

(८) जिल्हामंडळाची रूपरेषा

कायद्याची चौकट अगदींच नाहीं असें नव्हे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ सालचा आहे व त्यांत जिल्हा ग्रंथालय समितीची योजना आहे. सरकारी अभिलेखांसाठीं महाराष्ट्राचा २००५ चा सार्वजनिक अभिलेख अधिनियम आहे. जमिनींत सांपडणाऱ्या ठेव्यासाठीं १८७८ चा कायदा आहे. पुराणवस्तु व कलानिधि यांचा कायदा १९७२ सालचा आहे. त्याप्रमाणें विवक्षित पुराणवस्तूंची नोंदणी मालकानें करावयाची असते. तालुक्यातालुक्यांत पसरलेली शाखा ग्रंथालयांचीच आहे. म्हणून ग्रंथालय समितीस मूळ धरून तिला महसुली अभिलेखकक्षाचा, नागपूरच्या अभिलेखागाराचा व वस्तुसंग्रहालयाचा प्रत्येकीं एक प्रतिनिधि, तसेच खाजगी संग्राहकांचे दोघे, जोडावेत. तिचे नियम थोडे व स्पष्ट असावेत.

पहिला नियम मालकीचा. जिन्नस ज्याचा आहे त्याचाच राहील. नोंद केल्यानें मालकी जात नाहीं, हें लेखी द्यावें.

दुसरा नियम क्रमांकाचा. प्रत्येक घरास, मठास किंवा संग्रहास एक मूळ क्रमांक. त्यांतील प्रत्येक जिन्नसास त्याच क्रमांकाचा पोटक्रमांक. पोथी उद्यां नागपुरास गेली आणि नाणें मुंबईस गेलें, तरी क्रमांक बदलूं नये. म्हणजे पन्नास वर्षांनीं एखाद्या अभ्यासकास दोन शहरांतल्या दोन वस्तु एका पेटींतल्या होत्या हें कळेल. संपूर्ण योजनेंतील एकच गोष्ट साधली व दुसरी कोणतीही साधली नाहीं, तरी ही साधावी.

तिसरा नियम नोंदीचा. रकाने असे असावेत : मूळ स्थान, कशांत व कोणत्या जिन्नसांसह मिळाला, द्रव्य व माप, लिपि व भाषा, काळ, आरंभ व शेवट, सध्यांची स्थिति, नक्कल किंवा छायाचित्र कोठें आहे. ‘कशांत व कोणासह’ हा रकाना कधींही कोरा सोडूं नये. पेटी उघडतांना प्रत्येक थर काढण्यापूर्वीं त्याचें छायाचित्र घ्यावें. आज हें काम प्रत्येकाच्या खिशांतील दूरध्वनियंत्रानें होतें.

चौथा नियम दुरुस्तीचा. वाळवी, कसर व ओल या तीन शत्रूंपुढें पोथी व दप्तर असा भेद नाहीं. कीड मारण्याची, कागद सांधण्याची व तांबें स्वच्छ करण्याची सोय प्रत्येक संस्थेस स्वतंत्रपणें परवडणार नाहीं. जिल्ह्यास एक मात्र परवडेल. मंडळानें संग्राहकाकडे प्रथम नोंदवही घेऊन जाऊं नये. दुरुस्तीची मदत घेऊन जावें. उपयोग दिसला म्हणजे विश्वास बसतो.

पांचवा नियम वाचकांचा. मोडी, फारसी व सकळ लिपि वाचणारीं माणसें कमी होत चालल्यास उत्तम जपलेला कागदही मुका राहील. मंडळानें दरसाल कांहीं तरुणांस लिप्या शिकवाव्या आणि जिल्ह्यांतील कागदांवरच त्यांस सराव द्यावा.

सहावा नियम गुप्ततेचा. मौल्यवान् जिन्नस कोणाच्या घरीं आहे हें छापणें म्हणजे चोरास वाट दाखविणें. म्हणून याद्या दोन असाव्या : एक अभ्यासकांसाठीं, वस्तूच्या वर्णनाची, दुसरी मंडळापाशीं कुलुपांत, धन्याच्या नांवाची. भेट घडवून आणावयाची ती धन्याची संमति घेऊन.

(९) आक्षेप व समारोप

आक्षेप येईल कीं, चार खात्यांचे अधिकारी एकत्र बसतील व कागदावर कागद वाढवितील. हें भय निराधार नाहीं. त्याला उपाय एवढाच कीं मंडळानें दरसाल नवीन नोंदींची यादी छापावी. यादी न निघालेलें वर्ष लोकांस दिसेल.

दुसरा आक्षेप संग्राहकांचा, आणि तो अधिक खरा आहे. दाखविलेली वस्तु जाईल, दिलेली पोथी परत येणार नाहीं, नांव दुसऱ्याचें होईल, अशी शंका अनेकांच्या मनांत असते. आणि ती अनुभवावांचून उत्पन्न झालेली नसते. तिला व्याख्यानांनीं उत्तर देतां येत नाहीं. नेलेली वस्तु ठरल्या दिवशीं परत करणें आणि छापतांना धन्याचा निर्देश त्याच्या इच्छेप्रमाणें करणें, हेंच उत्तर.

परंतु संग्राहकांनींही आपल्याकडे पाहिलें पाहिजे. चित्रासाठीं पोथीचें एक पत्र वेगळें विकत घेणें, ठेव्यांतील चांगलीं नाणीं निवडून बाकीचीं सोडणें, रुमालांतील शिक्क्याचा कागद तेवढा काढून घेणें, ही वाटणी कोणतेंही सरकारी खातें करीत नाहीं. ती आम्ही करितों. प्रत्येक संग्राहकानें आपल्या वहींत ‘कशांत व कोणासह मिळालें’ हा एक रकाना आजच घातला, तर मंडळ स्थापन होण्यापूर्वींच त्याचें अर्धें काम झालें असें म्हणतां येईल.

१९३९ सालीं वाशीमच्या घरांतून चार पत्रे बाहेर आले आणि एक विसरलेलें राजघराणें परत मिळालें. ते पत्रे त्या घरीं एकत्र राहिले होते, एकही मोडींत गेला नव्हता, हें आमचें भाग्य. पैनगंगेच्या दोहों तीरांवरील माळ्यांत व देवघरांत अजून काय पडलें असेल तें पेटी उघडल्यावांचून सांगतां येणार नाहीं. उघडतांना मात्र ती संबंध उघडावी, आणि संबंध लिहून ठेवावी, एवढीच विनंती. इत्यलम्.